लहान माप कोण मागतं

मी ब्लाउज शिवते. कोल्हापुरात मंगळवार पेठेत, घराला लागून असलेल्या खोलीत, लग्न झाल्यापासून हेच काम. बाई दारातून आत आली की तिचा घेर मला टेप न लावता कळतो. पण कळला तरी आकडा मोठ्यानं बोलायचा नाही. छत्तीसची बाई स्वतःला चौतीसची समजत असते, आणि बाजूला चार जणी बसलेल्या असताना तिला खरं सांगितलं तर ती पुन्हा पायरी चढत नाही. मी गुपचूप खरं माप धरते. ती ब्लाउज घालून आरशात बघते आणि म्हणते, "बघा, चौतीसच बसला की!" मी म्हणते, व्हय की.

अख्खी पेठ मी अशी सांभाळली. घरातला एक माणूस मात्र मला सांभाळता आला नाही.

धाकट्या मुलीच्या वेळी बाळंतपणात माझं बीपी इतकं चढलं की मला झटके आले. पोट शिवून बंद करण्याचीच घाई होती, त्यामुळे मूल न होण्याचं ऑपरेशन राहून गेलं. नंतर डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "पुन्हा दिवस गेले तर तुमच्या जिवाची खात्री मी देऊ शकत नाही." बीपीमुळे रोजच्या गोळ्या चालणार नव्हत्या. तांबी बसवली तर अंगावरून इतकं जायला लागलं की काढावी लागली. माझं ऑपरेशन बीपी ताब्यात येईपर्यंत नको म्हणाल्या. राहिलं नवऱ्याचं. बाईंनी तसं सुचवलं तेव्हा तो पंख्याकडे बघत बसला. घरी सासूबाईंनी एका वाक्यात विषय मिटवला. "कष्टाचा गडी हाय, त्येला कशाला कापताय?" म्हणजे उरला तो निरोध. माझा जीव त्या रबरावर आला.

नवरा दुधाचा धंदा करतो. पहाटे आणि संध्याकाळी टेम्पो घेऊन कोडोलीकडून दूध आणतो, दुपारी घरी असतो. माणूस आडवातिडवा, दारातून वाकून येणारा. तालमीत जेमतेम दोन हिवाळे गेला असेल, पण मित्र अजून पैलवानच म्हणतात आणि त्यालाही ते गोड लागतं. शर्ट घ्यायला गेला की दुकानदारानं काही विचारायच्या आतच सांगतो, "सगळ्यात मोठं काढा." निरोधही त्यानं तसाच आणला. डब्यावर इंग्रजीत मोठं असं लिहिलेला. आणताना चेहरा असा, जणू गदा जिंकून आणली.

आता माणूस काही सगळीकडे एकाच मापानं कापलेला नसतो. रुंद खांद्याच्या बाईचा दंड बारीक असतो, हे मी रोज बघते. नवऱ्यात उणं असं काहीच नव्हतं, चारचौघांसारखाच होता. ते पाकीट दुसऱ्या कुणासाठी होतं, एवढंच. पहिल्याच दुपारी माझ्या लक्षात आलं की हे ढिलं आहे. मुली शाळेत, सासूबाई भजनी मंडळात, आणि मी मात्र नवऱ्याच्या मिठीत मापं काढत पडलेली. सांगणार कसं? "अवो, जरा ल्हान आणा" हे शब्द मी मनात कितीदा जुळवले. तोंडातून एकदाही निघाले नाहीत.

मग एका दुपारी ते निसटून आतच राहिलं. मी मोरीत जाऊन ते काढलं आणि तिथंच खाली बसले. तो बाहेरून विचारत होता, "काय झालं गं?" डॉक्टरीणबाईंकडे धावत जाऊन, दिवस राहू नयेत म्हणून एकदाच घ्यायची तातडीची गोळी घेतली. त्यानंतर पाळीची वाट बघण्याचे दिवस. दिवाळीच्या ब्लाउजांचा ढीग पडलेला, आणि मी बाही उलटी जोडते, उसवते, पुन्हा उलटीच जोडते. मुली डबा मागायला आल्या की वाटायचं, यांच्या वेण्या पुढं कोण घालणार? पाळी आली तेव्हा मी मशीनवर डोकं ठेवून रडले. गिऱ्हाईक बाईला वाटलं, घरात कुणी गेलं.

त्यानंतर मी शाहूपुरीतल्या एका औषधाच्या दुकानात गेले. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. तोंडाला ओढणी बांधलेली. दुकानदार भला माणूस असावा, पण आवाज असा की रस्त्यापलीकडच्या वडापाववाल्यालाही ऐकू जावं. "कुठला फ्लेवर देऊ, ताई? स्ट्रॉबेरी हाय, चॉकलेट हाय, पान हाय."

मी म्हटलं, "फ्लेवर नको. मापात काय हाय?"

"माप एकच असतंय. मोठं पायजे असंल तर हाय."

"आणि ल्हान?"

तो हसला. "ल्हान कोण मागतंय व्हय, ताई? म्हणून ठेवतच न्हाय."

मला असा संताप आला! पान, चॉकलेट, सगळं ठेवलंय, आणि ज्यानं बाईचा जीव वाचेल ते तेवढं ठेवत नाहीत. पण त्याचंही खरं होतं. कोल्हापुरात कोण पुरुष काउंटरवर उभा राहून लहान मागेल?

शेवटी मोबाइलवर शोधलं. तेव्हा कळलं की परदेशात हे मापावरही मिळतं. पुरुष घरीच कागदाच्या पट्टीनं लांबी आणि घेर मोजतो, कळवतो, आणि त्याच्या मापाचं घरपोच येतं. घट्ट असेल तर फाटतं, ढिलं असेल तर निसटतं, असं तिथं सरळ लिहिलं होतं. मी तर हे ब्लाउजावरून लग्नाआधीच शिकले होते. इथं तेवढी मापं नव्हती, पण नेहमीच्यापेक्षा अरुंद मिळत होतं. पाकिटावर सपाट रुंदी देतात, म्हणजे अर्धा घेर. तो मी नजरेनं केव्हाच घेतला होता. पार्सल शिवणाच्या खोलीवर मागवलं आणि जुनी काढून नवी पाकिटं त्याच्या त्या मोठ्या डब्यात भरून ठेवली. गिऱ्हाइकांशी वागते तशीच मी त्याच्याशी वागले, आणि त्यात चुकले असं मला अजूनही वाटत नाही.

ते बरोबर बसलं. किती बरोबर, हे त्यालाही जाणवलं. "आता कसं झ्याक वाटतंय," म्हणाला आणि माझ्या पाठीवर थाप मारून खुशीत दूध आणायला गेला. ते दिवस आमच्या संसारातले सगळ्यात चांगले. भीती गेली तशी मीही मोकळी झाले. दुपार कधी होते याची मी वाट बघायला लागले होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मग डबा संपत आला आणि त्यानं आपणहून नवा आणला. तोच, मोठा. दोन्ही डब्यांतली पाकिटं रंगानं वेगळी. त्यानं एकेक फोडून शेजारी शेजारी तळहातावर ठेवलं. पलंगाच्या कडेला बसून दोन्ही ताणून बघितली. मला वाटलं, ओरडेल. तो अगदी हळू बोलला.

"ह्ये ल्हान हाय, ह्ये तुला कसं कळलं?"

"नजरेनं. रोजचं काम हाय माझं."

"बायकांची मापं घेतीस तू. गड्याचं माप कुणाशी ताडून बघितलंस?"

मी पोरींची शपथ घेतली. निसटल्याची आठवण करून दिली, डॉक्टरीणबाईंचे शब्द पुन्हा सांगितले, मोबाइल त्याच्यापुढं धरला. त्यानं मोबाइलकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, अवो, तुमच्यात कायबी कमी न्हाय, ती कंपनीची साईज हाय. त्यावर तो उठला आणि शर्ट अंगात घालून टेम्पो धुवायला गेला. माझ्याकडे दुसरा काही पुरावा नव्हता. खरं बोलणाऱ्याकडे कुठला पुरावा असतो?

तेव्हापासून तो बाहेरच्या सोप्यात झोपतो आणि दुपारी गोठेवाल्या मित्राकडे असतो. भांडत नाही. मुलींची फी भरतो, माझ्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आत आणून फळीवर ठेवतो. मी हाताला हात लावला तर हात काढून घेतो, तेही हळूच, लहान पोराच्या मुठीतून पदर सोडवावा तसा.

परवा नणंद हुपरीहून आली होती. भावाचं अंथरूण सोप्यात बघून तिनं भुवया उडवल्या. सासूबाई भाजी निवडत होत्या. डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "हिच्या जिवाला धोका हाय न्हवं, म्हणून लांब ऱ्हातोय लेक माझा. असला नवरा दिवा लावून शोधला तरी घावायचा न्हाय." नणंदेनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "नशीब काढलंस, वैनी."

तो पायरीवर बसून चहा पीत होता. त्यानं सगळं ऐकलं. एकदा तरी माझ्याकडे बघेल म्हणून मी थांबले. त्यानं कप खाली ठेवला आणि चप्पल घातली.

"व्हय," मी नणंदेला म्हटलं. माझ्या जिवाला आता खरोखरच कसला धोका उरलेला नाही, आणि मला तो हवाय.