सुगंधाच्या पाठीवरची पट्टी

गुणाजीचा सगळा जन्म गच्च्यांवर गेला. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत त्याने किती इमारतींची गळती बंद केली, त्याचा हिशेब त्याच्याकडेही नाही. चीर खोदायची, धूळ झाडायची, सिमेंटचं पाणी पाजायचं, वर थर द्यायचा. मग गच्चीत पाणी तुंबवून खालच्या घरात छताकडे बघत बसायचं. घाई करणाऱ्या कामगाराला तो दुसऱ्या दिवशी बोलावत नसे.

आता गुडघे गेले. भांडुपच्या घरात त्याच्याकडे एकच काम उरलं होतं. बायकोच्या पाठीवर रोज औषधाची पट्टी लावायची.

सुगंधाला अल्झायमर होऊन काही वर्षं झाली. आधी ती गॅस विसरली, मग रस्ता, मग मुलाचं लग्न झालंय हे. नवऱ्याला मात्र ती धरून होती. गेल्या महिन्यात एका सकाळी तिने त्याच्याकडे बघून पदर सावरला आणि आत हाक मारली, "अगो, कोण पावणे इले बघ." गुणाजी तसाच उठून बाल्कनीत गेला. बराच वेळ आत आला नाही.

त्यानंतर डॉक्टर उत्तराबाईंनी गोळ्या बंद करून पट्टी दिली. गुणाजीने विचारलं, "पाठीला लावलेलं डोक्यात कसं जाणार?"

"कातडीतून रक्तात, रक्तातून मेंदूत. पण काका, मेंदूच्या रक्तवाहिन्यांना आतून फार घट्ट अस्तर असतं. पेशीला पेशी अशी चिकटलेली, की मध्ये सांधा उघडाच नाही. बहुतेक औषधं बाहेरच अडतात."

"काम पक्कं केलंय," गुणाजी म्हणाला. "गळत नाही कुठे?"

"या आजारात थोडं गळतं. पण तिथून नको तेच आत शिरतं."

"गळती सगळीकडची सारखीच."

बाई हसल्या. "हे औषध बारीक आहे, ते आत जातं. नवी औषधं आलीत, पण ती आकाराने मोठी, जेमतेम आत पोचतात. आणि ती सुरुवातीच्या आजाराला. काकूंसाठी हेच. आहे ते काही काळ टिकवायचं. गेलेलं परत येईल असं धरू नका."

शेवटचं वाक्य गुणाजीच्या कानावर पडलं, पण त्याने ते घरी आणलं नाही. घरी आणलं ते एवढंच, की भिंत जाड आहे आणि औषध बाहेर अडतं.

सून श्रुतिकाने रोज जुनी काढून नवी लावायला सांगितलं होतं. तो तसं करत होता. सुगंधा मात्र त्याला पाहुणाच समजत होती. मग एका सकाळी त्याने जुनी काढली नाही. एका थरावर गच्ची सोडणारा माणूस कामचोर, हे तो चाळीस वर्षं सांगत आला होता. त्याने शेजारी दुसरी लावली. पुढच्या सकाळी तिसरी.

त्या दुपारी सुगंधाने पेज सरकवून दिली. मग ओकली. उठायला गेली ती भिंत धरून खाली बसली. श्रुतिका तिचा भिजलेला गाऊन बदलत होती. तिने पाठ बघितली.

"बाबा! हे काय? तीन तीन?"

तिने तिन्ही पट्ट्या ओढून काढल्या आणि नवऱ्याला, सुशांतला, रिक्षा आणायला पळवलं.

नाडी फार मंद झाली होती. रुग्णालयात ठेवून घेतलं. उत्तराबाई आल्या, तेव्हा गुणाजी बाकावर नव्हता, भिंतीला टेकून उभा होता.

"जुनी का नाही काढली, काका?"

"पहिला थर राहू देतात. त्याच्यावर दुसरा."

बाई हसल्या नाहीत. "आत जास्त जावं म्हणून तुम्ही बाहेर जास्त दिलंत. पण बाहेर पोट आहे, हृदय आहे. तिथे अडवायला काहीच नाही. सगळा मार त्यांनी खाल्ला."

गुणाजीने मान हलवली. "म्हणजे तिने मला ओळखावं म्हणून मी तिला..."

"वेळेवर आणलंत. नाडी सुधारतेय. परवापासून पट्टी लावायची, एकच."

घरी आल्यावर त्याने पट्ट्यांचा खोका श्रुतिकाकडे दिला. "तू लाव. माझा भरवसा नाही."

श्रुतिकाने प्रयत्न केला. सुगंधाने तिचा हात झटकला. "कोण गो तू? पाठीक हात लावू नको!" दुसऱ्यांदा गेली तर चिमटाच काढला. श्रुतिकाला ऑफिस गाठायचं होतं. ती बाहेर आली.

"बाबा, या. मला हात लावू देत नाहीत."

"परत चुकलो तर?"

"मी इथेच उभी आहे ना. चुकलात तर ओरडेन."

गुणाजीने साबणाने हात धुतले. पट्टीसाठी श्रुतिकाने गाऊनला पाठीमागे बटणं करून घेतली होती, ती त्याने सोडली. सुगंधाने त्याचा हात झटकला नाही. त्याने सगळी पाठ आधी डोळ्यांनी, मग तळव्याने तपासली. जुनं काही राहिलं नव्हतं. तेलावर पट्टी धरत नाही म्हणून पाठीला तेल लावणं बंद होतं, तरी त्याने कातडी पुसून कोरडी केली. मग कोऱ्या जागेवर एक पट्टी ठेवली आणि तळवा दाबून धरला. श्रुतिकाने बघितलं आणि चप्पल घातली.

"खंयचे तुमी?" सुगंधाने पुढे बघतच विचारलं.

"कणकवलीच्या आतला."

"आमच्याच वाटेवरचे. घरात कोण आसा?"

"बायल आसा."

"बरी आसा?"

गुणाजीने तळवा पट्टीवरून उचलला. "कालच्यापेक्षा बरी आसा."

"तिका सांबाळा हां. बायलमाणसाक कोण विचारता?"

"सांबाळतंय," तो म्हणाला आणि बटणं लावायला घेतली. वरचं बटण त्याच्या जाड बोटांना लवकर सापडेना. सुगंधाने मान खाली घातली आणि केस गोळा करून पुढे घेतले.