चांदीचा पान्हा

भाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा मी सुरतेत, उधन्याच्या घरात साडीला लेस लावत बसले होते. फोन भाऊ कामाला होता त्या तबेल्याच्या शेठचा. "बेन, रघुभाई..." एवढं म्हणून तो थांबला. मला कळलं, तरी मी हातातला टाका पूर्ण केला. का केला, ते अजून उमगत नाही. दीड महिना झाला आता.

रघुनाथ माझा थोरला भाऊ. खानदेशातून आम्ही दोघंही सुरतेला आलो; मी लग्न होऊन, तो कापडाचे लूम चालवायला. लूमच्या खडखडाटात त्याचा जीव रमेना. वर्षभरातच तो भेस्तानपलीकडच्या एका तबेल्यात म्हशी सांभाळायला लागला आणि जन्मभर तिथलाच झाला. माझ्याकडे आला की आधी बाहेरच्या नळावर हातपाय धुवायचा, तरी शेणामुताचा उग्र वास त्याच्याबरोबर घरात यायचाच. मी नाक मुरडायचे. "भाऊ नाही, अख्खा गोठा आला," असं त्याला चिडवायचे. आज त्याच वासासाठी जीव तुटतो.

तबेला पत्र्याचा, तीन बाजूंनी बंद. थंडीत म्हशींना वारा लागू नये म्हणून भाऊ चौथ्या बाजूच्या जाळीलाही पोती बांधायचा. सकाळी आत पाय टाकला की डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा. त्यात चारा कापायच्या कुट्टीच्या मशीनची धूळ, आणि भिजून सादळलेल्या कडब्याची पेंढी सोडली की बुरशीचा पांढरा लोट उठायचा. भाऊ त्यात खुशाल उभा. गोठ्याची वाफ छातीला औषध असते, असं तो सांगायचा, आणि आम्हीही सगळे तेच मानत आलो होतो.

मग खोकला जडला, चार पावलं टाकली की धाप लागायला लागली. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, बिडी किती ओढता? जन्मात बिडीला न शिवलेला माणूस... डॉक्टरांना ते पटायलाच दोन खेपा लागल्या. नीट तपासल्यावर ते म्हणाले, कडब्याच्या धुळीनं आणि गोठ्यातल्या वायूनं फुप्फुसं कडक होत चालली आहेत. काम सोडा, ते जमत नसेल तर पोती काढा आणि तोंडाला चांगला मास्क बांधा. काम सोडायला भाऊ तयार नव्हता. पोती मात्र त्यानं काढली, आणि मास्क मी आणून दिला.

अडलं ते चांदीपाशी. चांदी म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेली त्याची लाडकी म्हैस. तिचं रेडकू गेलेलं, त्यामुळे भाऊचं तोंड दिसल्याशिवाय ती पान्हा सोडायची नाही. मास्क लावून बसला की पाय झाडायची, दूध चोरायची. तिसऱ्या दिवशी मी गेले, तर मास्क खुंटीला लटकलेला. मी खूप बोलले. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत राहिला. मग म्हणाला, "तोंड झाकं का ती माले वळखस नही, शोभा. ती बिचारी कोनाकडे देखी?"

मला हसू आलं. खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं. वहिनीपेक्षा हिचेच लाड जास्त, असं काहीतरी बोलून मी विषय सोडून दिला. पुढच्या दोन वर्षांत कधी काढलाच नाही.

उत्तरकार्य उरकल्यावर त्याचे कपडे आणायला मी तबेल्यात गेले. दुपारचं दूध काढणं चाललं होतं. चांदीपाशी नवा गडी बसला होता, आमच्याच खानदेशाकडचा. शेठनं आता सगळ्यांना मास्क लावायला सांगितलंय म्हणे, त्यामुळे त्याचं अर्धं तोंड झाकलेलं... आणि बादलीत धार वाजत होती. मी बघतच राहिले. त्रास देत नाही का ही, म्हणून विचारलं.

"आठेक दिवस रुसनी," तो म्हणाला, "मंग सवय व्हई गई तिले."

आठ दिवस... आणि मी तिसऱ्याच दिवशी हसून मोकळी झाले होते.