आमच्याकडे कामाला असतात

“मौसी, हाथ मत लगाओ. दाग पड जाता है.”

नागपूरच्या धरमपेठेतल्या सायकलच्या दुकानात सेल्समन माझ्या आईला असं म्हणाला. आवाज चढवला नाही. खिशातलं फडकं काढलं, आईनं जिथं बोट टेकवलं होतं तिथं हँडलवर दोनदा फिरवलं आणि फडकं परत खिशात ठेवलं. आईनं हात पदराखाली घेतला.

मी तिथंच उभी होते. दोन हातांच्या अंतरावर.

आई उमरेडहून सकाळच्या एसटीनं डोळे दाखवायला आली होती. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते. बोटं हळदीनं कायमची पिवळी. त्याआधी वीस वर्षं तिनं हातमागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, आमच्या घरी माग होता तोवर. हँडलवर पांढरी पट्टी गुंडाळली होती, एकावर एक, तिरपी, कुठंच सैल नाही. आई ते पाहत होती. गुंडाळणाऱ्याचा हात कसा आहे ते पाहावं म्हणून तिनं बोट लावलं. मला ते कळलं होतं. दुकानात हे कळणारी मी एकटीच होते.

मी एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. खोलीपासून लॅबपर्यंत सायकलनंच जायची, टोपली लावलेली जुनी, जड सायकल. रविवारी सकाळी डॉक्टर लोकांचा एक ग्रुप रोड बाईकवर, म्हणजे शर्यतीसारख्या हलक्या सायकलींवर, निघतो. एकदा मी त्यांच्या मागं लागले. वर्धा रोडवर बरंच अंतर मागं पडले नाही. तेव्हा आमच्या एका डॉक्टरांच्या बायकोनं, सगळे त्यांना मॅडम म्हणतात, मला ग्रुपमध्ये घेतलं. म्हणाल्या, पाय चांगले आहेत तुझे, आता चांगली सायकल घे, मी दुकानात येते सोबत.

मला आनंद झाला. खरं सांगायचं तर सायकलपेक्षा मॅडम सोबत येणार याचा जास्त झाला.

दोन महिने मी व्हिडिओ पाहिले. पहिली रोड बाईक, थोड्या पैशांत, काय पाहायचं. सगळ्यांत आधी फ्रेमचं माप. गिअर नंतर बदलता येतात, टायर बदलता येतात, सीट बदलते, फ्रेम बदलत नाही. भिंतीला पाठ लावून मी पायांची उंची मोजली, वहीत लिहिली. माझी फ्रेम लहान लागणार होती. हे मला पक्कं माहीत होतं.

त्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यातून लवकर सुटलो. आईला बसस्टँडवर सोडून दुकानात जायचं मी ठरवलं होतं. आई म्हणाली, मीही पाहतो तुही सायकल. नाही म्हणता आलं नाही. रस्ताभर मी तिच्या चपलेकडे पाहत होते.

मॅडम आधीच आल्या होत्या. सेल्समननं फडकं फिरवलं ते त्यांनीही पाहिलं. मग माझ्याकडे वळून सहज विचारलं, “या कोण? तुझ्याबरोबर आहेत?”

मी म्हणाले, “आमच्याकडे कामाला असतात.”

कोणी जबरदस्ती केली नव्हती. विचार करायला वेळ लागला नाही. वाक्य तोंडात तयारच होतं. शुद्ध मराठीत, ‘असतात’ म्हणून, आदरानं.

आई दोन पावलांवर होती. तिनं ऐकलं. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. फक्त म्हणाली, “ताई, मी भायेर बसतो. तुमचं होऊ द्या.”

जन्मापासून मला ‘काय वं’ म्हणणारी माझी माय. मला ताई म्हणाली. तुमचं म्हणाली. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तिनं ते उचलून धरलं.

ती बाहेर पायरीवर, ग्राहकांच्या चपलांशेजारी बसली. काचेतून तिची पाठ दिसत होती. मी पाहिली आणि पुन्हा सायकलीकडे वळले.

पुढचा अर्धा तास माझा सगळा मान त्या दुकानात गेला आणि मी हसत राहिले. मी जी सायकल विचारली तिच्याकडे सेल्समननं पाहिलंसुद्धा नाही. कोपऱ्यातून दुसरी काढली. मागच्या वर्षीची, म्हणून कमी पैशात. बसून पाहिली. हँडलपर्यंत पोचायला अंग ताणावं लागत होतं, खांदे कानाशी येत होते. फ्रेम मोठी होती. वही माझ्या पर्समध्ये होती. मी काढली नाही.

मॅडम म्हणाल्या, “पहिलीच तर आहे. चालेल हिला.”

मी मान हलवली. बुकिंग केलं. ज्या तोंडानं आईला कामवाली केलं, त्या तोंडानं फ्रेम मोठी आहे म्हणायची हिंमत कुठून आणणार होते?

उमरेडच्या गाडीत आईला बसवलं. खिडकीखाली उभी राहिले. काही बोलावं म्हणून उभी राहिले. आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं, कोणासमोर खोटं निभावायचं नव्हतं. तरी आई म्हणाली, “जा तुम्ही. उद्या ड्युटी आहे तुमची.”

गाडी गेली. तिनं ते रागानं म्हटलं की दुकानातलं ‘तुम्ही’ अजून जिभेवरून उतरलं नव्हतं, मला आजवर कळलेलं नाही.

आठवडाभर तिचा फोन नाही. माझाही नाही. लॅबमध्ये रक्त काढायला दंडावर पट्टा बांधताना म्हाताऱ्या बाया मला ‘बाई, हळू’ म्हणायच्या आणि माझा हात थांबायचा. किती वर्षं मी हे करत आले, ते तेव्हा आठवायला लागलं. नागपुरात शिकायला आले तेव्हा पहिल्या महिन्यात ‘मले’ सोडलं, ‘काहून’ सोडलं. होस्टेलवर आई डबा घेऊन यायची तेव्हा मी गेटवर जाऊन डबा घ्यायची. आत बोलवायची नाही. दुकानातलं वाक्य त्या दिवशीचं नव्हतं. सात-आठ वर्षं शिजत होतं.

शनिवारी उमरेडला गेले. आई अंगणात तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, “माय, चाल माह्यासोबत. उद्या सायकल आणाची हाय.”

तिनं सुपातून मान वर केली नाही. “कोण म्हणून येऊ? थे सांग आधी.”

‘माय म्हणून’ हे दोन शब्द तिला सांगायचे नव्हतेच. जिथं नाकारले तिथं सांगायचे होते. संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

रविवारी दुकानात ग्रुपचे पाच-सहा जण जमले होते. मॅडमनी सायकलला लाल रिबीन बांधली होती. फोटो काढून ग्रुपवर टाकायचा होता. मला सायकलजवळ उभं केलं. मोबाइल वर गेले.

मी बोलले ते माझ्या बोलीत बोलले.

“त्या दिवशी माह्यासोबत बाई होती ना, थे माही माय होती. मी खोटं बोलली.”

मोबाइल खाली आले. सेल्समन बिलाचं पुस्तक चाळायला लागला. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हणाल्या, “अगं, मग सांगायचं ना! आम्ही असलं काही मानत नाही.”

त्या वाईट बाई नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत असेल. पण माझी माय अर्धा तास चपलांजवळ बसली होती. दुकानात तीन स्टुलं रिकामी होती. कामाला असणाऱ्या बाईला स्टूल लागत नाही, हे तिथं सगळ्यांनी मानलं होतं. मीही मानलं होतं. ती माझी आई निघाली म्हणून आता वाईट वाटायचं, आणि खरंच कामवाली असती तर? तर सगळं बरोबर होतं?

मी खांद्यावरचा हात बाजूला केला. सेल्समनला सांगितलं, ही सायकल मला मोठी होते, घेत नाही.

तो म्हणाला, “मैडमने बोला था चलेगा.”

“चालवाची मले हाय.”

बुकिंगचे पैसे परत मिळत नसतात, असं तो म्हणाला. मी काउंटरसमोर उभी राहिले. बऱ्याच वेळानं पैसे मिळाले. ग्रुपमधून मी त्याच दिवशी निघाले. मॅडमनी नंतर फोन केला, तू फार मनाला लावून घेतलंस म्हणाल्या. मी हो म्हणाले.

पुढं महाल भागातल्या एका सायकलवाल्याकडून जुनी रोड बाईक घेतली. पुण्याला शिकायला गेलेल्या एका मुलीची. गिअर कमी आहेत, रंग उडाला आहे, माप माझं आहे. घेताना वही काढली, फूटपट्टी मागितली, दोनदा मोजलं. त्याला घाई नव्हती.

आईशी बोलणं सुरू झालं आहे. कामापुरतं. तिनं विषय काढला नाही. मी माफी मागितलेली नाही. मागितली तर ती लगेच ‘जाऊ दे वं’ म्हणेल, आणि मी सुटेन. मला असं सुटायचं नाही.

ही लाज मी ठेवणार आहे. ती कोणाची देणगी नाही, मी स्वतः कमावली आहे. आता माझी माय असो की कोणाची असो, माझ्या डोळ्यांदेखत कोणी बाई दाराबाहेर बसवली, तर मी आत बसणार नाही.