अप्पांनी पारखलेली बेस

बेसवाले अप्पा कुणावर रागवत नसत. ते ध्यानात ठेवत. लातूरला गोलाईजवळच्या एका हॉटेलात कधीकाळी त्यांना कान तुटलेल्या कपात चहा मिळाला होता. अप्पांनी तो निमूट प्यायला, पैसे दिले आणि पुन्हा त्या हॉटेलाची पायरी चढले नाहीत. पण रोज सकाळी समोरच्या टपरीवरून चहा घ्यायचा आणि त्या हॉटेलवाल्याच्या डोळ्यांसमोर उभं राहून, बशीत ओतून, फुंकर घालत सावकाश प्यायचा, हा नेम त्यांनी ते हॉटेल बंद पडेपर्यंत पाळला. एका कपासाठी एवढा राग कशाला, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "राग कुठला पोरी? मी फकस्त ध्यानात ठेवतो."

मी त्यांच्याच हाताखाली तयार झाले, तेव्हा माझ्याकडून फार मोठ्या मनाची अपेक्षा ठेवू नये. एका ऑर्केस्ट्रात मी गात असे आणि अप्पा बेस गिटार वाजवत. त्या ऑर्केस्ट्राच्या मालकांचा गेल्या महिन्यात गावात सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं यथासांग. भाषणात त्यांनी सांगितलं की, बेसवाल्या अप्पांना आपणच घडवलं, पहिली गिटार आपणच त्यांच्या हातात दिली. पेपरात ते फोटोसकट छापून आलं. मी दोनदा वाचलं आणि कागद घेऊन बसले. सत्काराला मला बोलावणं नव्हतं, म्हणून माझा आहेर हा असा मागाहून पाठवते आहे.

पहिली गिटार त्यांनी दिली, हे खरं आहे. अप्पा मूळचे देवणीकडचे, लिंगायत, घरात पिढ्यान्‌पिढ्या बैलांची दलाली. त्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर एक रुमाल टाकायचा आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करायचा, म्हणजे भोवतीच्या बघ्यांना आकडा कळत नाही. अप्पांची बोटं त्या रुमालाखालीच जाड आणि शहाणी झाली होती. उदगीरला एका कार्यक्रमाआधी ऑर्केस्ट्राचा बेसवाला भांडून निघून गेला, तेव्हा भजनात एकतारी वाजवणाऱ्या या दलालाला मालकांनी आयत्या वेळी उभं केलं. त्या दिवसानंतर अप्पा बैलबाजाराकडे फिरकले नाहीत.

बेस हे वाद्य लोकांना ऐकूच येत नाही. ते थांबलं की मात्र काहीतरी बिनसलंय हे शेवटच्या रांगेलाही कळतं. माझा सूर जरा हलला की अप्पा माझ्याकडे न बघता जाड तार थोडी जोरात ओढायचे, आणि मी जागेवर यायची. टाळ्या मला मिळायच्या. अप्पा तेव्हा गिटारीच्या खुंट्यांशी काहीतरी खुटखुट करत असायचे, जणू त्या टाळ्यांशी त्यांचा संबंधच नाही.

मग लातूर जिल्हा झाला. चौकाचौकात कमानी लागल्या, प्रत्येक कामासाठी उस्मानाबादची एसटी धरायची कटकट गेली म्हणून लोकांनी पेढे वाटले. त्या आनंदात आमचाही कार्यक्रम मैदानावर ठरला. पुढच्या रांगेत नवे साहेबलोक बसले होते. दोन गाणी झाली, तिसरं मी धरलं, आणि मालक विंगेतून आले ते थेट अप्पांपाशी गेले. त्यांनी अप्पांच्या खांद्यावरचा पट्टा सोडवला, गिटार काढून घेतली आणि आपल्या मेहुण्याच्या गळ्यात घातली. मेहुण्यानं नवा सफारी शिवला होता. साहेबांबरोबर फोटो निघायचे होते, आणि धोतर-टोपीतले अप्पा त्यात शोभले नसते.

माझं काय चुकलं, एवढंच अप्पांनी विचारलं. मालक म्हणाले, "गिटार आमची आहे. खांदा तेवढा तुमचा. खांदे पुष्कळ मिळतात." जवळ माझा माइक होता. ते वाक्य सगळ्या मैदानानं ऐकलं आणि पुष्कळ लोक हसले. अप्पा रिकामे हात धोतरावर ठेवून गाणं संपेपर्यंत स्टेजवरच उभे राहिले, मग खाली उतरले. मी तेवढं गाणं पुरं केलं आणि त्यांच्या मागोमाग उतरले, ती त्या स्टेजवर परत चढले नाही. बाहेर शेंगदाण्याच्या गाड्यापाशी अप्पा मला म्हणाले, "आता सोताची बेस घ्यायची. अन् ती गिटार घेऊन त्यो मानूस एक दिवस माझ्या दारात आला पायजे." आवाज अगदी नेहमीचा होता. मला त्या आवाजाची भीती वाटली आणि फार बरंही वाटलं.

त्यानंतरची वर्षं पावसानं तोंड दाखवलं नाही. विहिरी आटल्या, लग्नं पुढे ढकलली गेली, आणि लग्नांवर जगणारे लहानसहान ऑर्केस्ट्रे बसले. अप्पा म्हणत, दुष्काळात बैल स्वस्त होतो, तशी गिटारही होते, फक्त घेणाऱ्यानं भुलू नये. नवी बेस आमच्या आवाक्याबाहेरची होती. जुनी शोधायची, तर त्यांची पारखण्याची रीत थेट देवणीच्या बाजारातली. आधी दांडी बघायची, डोळ्याला लावून, बैलाची पाठ बघतात तशी. तार दोन्ही टोकांना दाबून मध्ये किती फट राहते ते बघायचं. दांडीवरच्या प्रत्येक पडद्यावर, म्हणजे आडव्या पट्टीवर, बोट ठेवून ऐकायचं, कुठे तार खरखरली तर खोड आहे. मग गिटारीचं टोक जबड्याच्या हाडाला टेकवून तार छेडायची. हाड घुमलं तर लाकूड जिवंत. आतलं वायरिंग मेलेलं असलं तरी अप्पांना चालत असे, कारण ते कुठलाही रेडिओ दुरुस्त करणारा जोडून देतो. वाकलेली दांडी मात्र कुणी सरळ करत नाही. "रंगाला पैसा देऊ न्हाई," असं ते दुकानदाराच्या तोंडावर म्हणत, आणि म्हणून आम्हाला बऱ्याच दुकानांतून लवकर निघावं लागे.

हैदराबादेत एक लालभडक बेस मला इतकी आवडली की मी तिच्यावरून हात फिरवत बसले. अप्पांनी दांडी डोळ्याला लावली आणि उठले. नांदेडला एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रा पार्टीची बेस बघितली. तिची दांडी मोडून सरसानं चिकटवली होती आणि वर काळा रंग मारला होता. म्हाताऱ्या बैलाचे दात कानशीनं घासून त्याला तरणा म्हणून विकतात, त्यातलाच प्रकार. अप्पांनी विकणाऱ्याचं नाव तेवढं विचारून घेतलं. पुढे त्या माणसाच्या मुलीच्या लग्नात वाजवायला आम्हाला बोलावलं, तर अप्पांनी वेळ नसल्याचं कळवलं. त्या दिवशी आम्ही दोघं घरी रिकामे बसलो होतो.

मुदखेडला रेल्वेतले एक निवृत्त गार्ड राहत. तरुणपणी सिकंदराबादेत ते नाचाच्या पार्ट्यांना बेस वाजवत, असं कुणीतरी सांगितलं. आम्ही गेलो. पलंगाखालून त्यांनी गिटार काढली. पांढरा रंग जागोजाग उडून खालचं काळं लाकूड दिसत होतं, थेट देवणी वासरू. अप्पांनी दांडी बघितली, पडदे बघितले, जबड्याला लावली आणि डोळे मिटले. बराच वेळ त्यांनी ती खाली ठेवली नाही. मग खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकला आणि गार्डसाहेबांची दोन बोटं दाबली.

गार्डसाहेबांना हा प्रकार ठाऊक नव्हता. त्यांना वाटलं, हा गृहस्थ आपल्याशी हात मिळवतोय. एकटे राहणारे म्हातारे, त्यांनी अप्पांचा सगळा पंजा प्रेमानं धरला, हलवला आणि हात बाहेर काढला. बाजाराच्या रिवाजात पंजा म्हणजे पाच, आणि हात सुटताना जी बोटं धरलेली असतील तो भाव पक्का. अप्पांचा चेहरा उतरला. बाहेर आल्यावर मी समजावलं की, त्या बिचाऱ्यांना काही कळलं नाही, ते दोनातही आनंदानं देतील. अप्पा म्हणाले, "त्यांना म्हाईत न्हाई. मला तर हाय." गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी त्यांनी त्या आठवड्यात मोडली आणि पाचाचा भाव पुरा चुकता केला. लिंग पांढऱ्या फडक्यात बांधून गळ्यात घातलं, ते अखेरपर्यंत तसंच होतं. माणसानं आपल्याशी वाकडं वागू नये, ही अप्पांची अट ज्यांना जाचक वाटते, त्यांनी हेही ऐकून ठेवावं.

जुन्या तारा मेल्या होत्या. नव्या घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा अप्पा त्या उकळायचे. तारा पाण्यात खळखळून उकळल्या की आतला मळ निघतो आणि काही दिवस आवाज पुन्हा खणखणीत होतो. पण गल्लीत टँकर दोन दिवसांआड यायचा आणि घागरींवरून भांडणं व्हायची. काकू, म्हणजे अप्पांच्या घरच्या, चुलीपाशी डोकं धरून बसायच्या. "मानसाला प्यायला न्हाई, अन् हे तारांना आंघोळ घालायलेत," हे त्यांनी मला अनेकदा सांगितलं. पातेलं मात्र त्याच काढून देत. ते लालसर पाणी मग दारातल्या बेलाच्या रोपाला जाई. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत हिरवं तेवढंच होतं.

त्या बेसवर आम्ही निलंग्याच्या एका लहान ऑर्केस्ट्रा पार्टीत उभे राहिलो. मोठं काही नव्हतं, पण पट्टा अप्पांचा होता आणि गिटारही अप्पांची होती. मालकांच्या ऑर्केस्ट्राला हळूहळू कामं मिळेनात. मेहुण्याला टाळ्या ऐकू येत, ताल ऐकू येत नसे. शेवटी त्यांनी सामान विकायला काढलं. बाकीचं गेलं, बेस जाईना. जो तो सांगे, दोन जिल्ह्यांत बेसचा भाव कळणारा माणूस एकच आहे, त्याला दाखवा.

एका दुपारी मालकांची जीप अप्पांच्या दारात थांबली. अप्पांनी त्यांना बाजेवर बसवलं, चहा दिला. कपाचा कान शाबूत होता, मी मुद्दाम बघितला. गल्ली जमली. अप्पांनी गिटार घेतली आणि काहीही वगळलं नाही. दांडी डोळ्याला लावली, तार दोन्हीकडून दाबली, प्रत्येक पडद्यावर बोट ठेवलं. ताणलेल्या तारांसकट ती दोन उन्हाळे पत्र्याखाली भिंतीला टेकवून ठेवली होती, दांडी धनुष्यासारखी झाली होती. अप्पांना ते जीपमधून काढतानाच दिसलं असणार. तरी त्यांनी सगळं सावकाश केलं आणि मग रुमाल पसरला.

मालक याच मातीतले. रुमाल म्हणजे काय हे त्यांना गार्डसाहेबांसारखं समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी गल्लीकडे बघितलं, जीपकडे बघितलं, आणि हात आत घातला. अप्पांनी तो हात धरला आणि एकही बोट दाबलं नाही. नुसता धरून ठेवला. ज्या जनावराला भावच नाही, त्याच्या मालकाला बाजारात असं सांगतात. बघणाऱ्यांना काही दिसत नव्हतं, पण मालकांच्या कपाळावर घाम आला होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. अप्पांनी रुमाल काढला, घडी केली. "घेऊन जावा, मालक. दांडी वाकली हाय."

सूड घेऊन माणसाला समाधान मिळत नाही, असं पुष्कळजण लिहितात. त्यांनी अप्पांना त्या दिवशी जेवताना बघायला हवं होतं. एक भाकरी जास्त खाल्ली आणि काकूंच्या पिठल्याचं आयुष्यात पहिल्यांदा कौतुक केलं. काकूंना वाटलं, यांना ऊन लागलं.

अप्पा गेले ते पुढे बऱ्याच वर्षांनी, असल्याच एका कोरड्या उन्हाळ्यात. बेस त्यांनी आधीच माझ्याकडे दिली होती. दरवर्षी होळी झाली की मी तिच्या तारा सैल करून ठेवते, त्यांनी सांगितलं होतं तसं. मुदखेडची ती दांडी अजून सरळ आहे.

अप्पा गेले त्या दिवशी अंगणात विमान, म्हणजे लिंगायतांची मयत बसवून न्यायची पालखी, सजवून तयार होतं. त्यात अप्पांना बसवलं होतं, कपाळभर भस्म, गळ्यात तेच पांढऱ्या फडक्यातलं लिंग. भजन सुरू झालं. विमान उचलायच्या वेळेला गर्दी बाजूला झाली आणि मालक पुढे आले, पांढरेशुभ्र कपडे, मागे पेपरवाला कॅमेरा घेऊन. डोळे पुसत त्यांनी पुढच्या दांड्याखाली खांदा द्यायला पाऊल टाकलं. मी काकूंचा हात धरून दारात उभी होते. तो सोडून मी खाली उतरले आणि मालकांच्या आणि विमानाच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

आवाज चढवला नाही. अप्पांनीही कधी चढवला नव्हता. मी म्हटलं, "राहू द्या, मालक. खांदे पुष्कळ मिळालेत."