गूळ चालतो, असं मी लिहिलं होतं

त्र्याण्णवच्या जूनमध्ये मी कोल्हापूरच्या स्टँडवर मुंबईच्या एस.टी.त बसले, तेव्हा मला पोहोचवायला गडमुडशिंगीहून आमची निम्मी वस्ती आली होती. मुंबईतून पुढं बडोद्याची गाडी धरायची होती. तिथं औषधांच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये मला नोकरी लागली होती. वस्तीतली बी.एस्सी. झालेली मी पहिलीच मुलगी. केमिस्ट्री म्हणजे डॉक्टरकीच्या एखादी पायरी खाली असावी, असं सगळ्यांना वाटायचं आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही. आई खिडकीखाली उभी राहून माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होती, "पावणं, लेक माझी हाय. औषधं तपासाया चाललीया." मला लाज वाटली. मी डोळे वटारून तिला गप्प केलं.

वडील गुऱ्हाळावर चुलवाणात जळणाला उसाची चिपाडं सारायचे. हंगामात मजुरीबरोबर घरी गूळ यायचा. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी, बाळंतिणीला गूळ, पोर पास झालं तरी गूळच. साखर फक्त पाहुण्यांच्या चहाला आणायची. ती दुकानातली, पांढरीफेक, परकी, गूळ आपला. आपलं माणूस आपलं वाईट करणार नाही, असा जो भरवसा असतो, तो आमच्या घरात गुळावर होता.

मी जाऊन तीन-चार वर्षं झाली असतील. वडील तोवर गेले होते. आईनं शेजारच्या शेवंतामावशीकडून लिहवून घेतलेलं पत्र आलं. दवाखान्यात शुगर निघाली होती, साखर बंद करायला सांगितली होती. चहाबिगर दिवस कसा काढू, असं तिनं विचारलं होतं. मी शिफ्टवरून आल्या आल्या उत्तर लिहिलं. साखर अजिबात खाऊ नकोस, गूळ चालतो, गुळात लोह असतं, साखरेत नुसती केमिकलं. खाली सही केली, 'सुजाता, बी.एस्सी.' डिग्री आईची गंमत करायला लिहिली होती. आईनं ती गंमत मानली नाही. तिनं ते पत्र विहारात वंदना झाल्यावर सगळ्या बायकांना वाचून दाखवायला लावलं.

मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. कॉलेजात आम्ही साखर आम्लात उकळून तिचं ग्लुकोज केलं होतं. निळ्या द्रावणात विटकरी गाळ बसलेला मी या डोळ्यांनी पाहिला होता. पोटातही तेच होतं, आणि गुळात बहुतेक सगळी तीच साखर. लोह असतं, पण ते चिमूटभर, त्यानं रक्तातलं ग्लुकोज थांबत नाही. हे सगळं मी परीक्षेत लिहून पास झाले होते. पण परीक्षेतली साखर वेगळी आणि आईच्या डब्यातला गूळ वेगळा, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. शिवाय आईचा चहा तोडायचा मला धीर झाला नाही. खरं कारण हेच आहे.

बडोद्यात मी सुजाताबेन झाले. क्वार्टर मिळालं, लग्न झालं, गोड डाळीची सवय झाली. त्या डाळीत गूळ असतो म्हणून मला ती घरची वाटायची. रविवारी एस.टी.डी. बूथवरून फोन केला की आई म्हणायची, "गुळाचाच घेती की! दोन टायम." मी म्हणायचे, छान. इतकी वर्षं मी दर रविवारी छान म्हणत होते.

मग तिच्या पायाला जखम झाली आणि ती भरेना. मी आले तोवर पाऊल काळं पडलं होतं. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "गूळ सोडा म्हणून मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. खायला कुणी सांगितलं विचारलं, तर म्हणाल्या, कुणी न्हाय, माझ्याच जिभेचा दोष." त्या दिवसापासून आईनं गूळ सोडला होता. वस्तीत मात्र अक्षर बोलली नव्हती, आणि फोनवर मलाही 'गुळाचाच घेती' म्हणतच राहिली होती. बायका आल्या की त्यांना गुळाचा चहा द्यायची आणि स्वतः बिनगुळाचा प्यायची.

पाऊल काढल्यावर मी तिला विचारलं, "मला तरी का सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? एवढी शिकून लेकीनं चुकीचं लिवलं म्हणून? मग उद्या कोण धाडंल पोरीला शिकाया?" चादर पायावर ओढत म्हणाली, "पाय माझा हाय. जाऊ दे त्यो. तू बोलू नगंस कुठं."

मी बोलले नाही. तीन वर्षांनी ती गेली, तोवर नाही.

तिच्या पुण्यानुमोदनाला वस्ती जमली. सगळं आटोपल्यावर शेवंतामावशी मला आपल्या घरी घेऊन गेली. तिनं दोन कप गुळाचा चहा केला, एक स्वतःला. म्हणाली, "मला बी शुगर निघालीया गं. पर मी काय भीत न्हाय. तुझं पत्र ध्यानात हाय की."

आईनं एक पाय देऊन माझा शब्द राखला होता. तो मोडायचा तर तिचं ते सगळं वाया जाणार होतं. नाही मोडला तर समोर मावशी कप उचलत होती.

"मावशी, नको पिऊस. गूळ म्हणजे साखरच. मी चुकीचं लिहिलं होतं."

तिनं कप खाली ठेवला. "मग तुझी आई…"

"माझ्यामुळं," मी म्हणाले.

मावशी रागावली नाही. उठली, दोन्ही कप मोरीत ओतले आणि पदरानं हात पुसत बसली. संध्याकाळपर्यंत वस्तीभर झालं.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, घर कशाला म्हणायचं ते मला त्या दिवशी कळलं. बडोद्यात माझ्या साध्या रिपोर्टवरही दुसऱ्याची सही लागते, त्याशिवाय तो बाहेर जात नाही. मी लिहिलेलं न तपासता खरं धरणारी जागा जगात एकच होती. आजही मी जाते तेव्हा जेवण होतं, विचारपूस होते, माया कमी झालेली नाही. फक्त मी आजाराबद्दल काही बोलले की बायका मान डोलावतात आणि म्हणतात, "बरं. डॉक्टरास्नी इचारतो."