थोरलीवरून धाकटीवर

"मी थोरली म्हणाले होते, भाऊजी. थो-र-ली!"

"मग मी काय मधली घेतली? थोरलीच घेतली!"

"थोरली घेतली असती तर आज ही वेळ आली नसती."

"तीनदा विचारलं फोनवर. वहिनी, थोरलीवरून धाकटीवर ना? वहिनी, नक्की ना? तुम्ही म्हणालात हो हो हो, आणि ठेवला फोन."

"नर्स आली होती डोळ्यात थेंब घालायला!"

"मग जाब त्या थेंबांना विचारा. मला कशाला?"

भाऊजींचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे होते. प्लास्टरच्या खोलीतून ते तसेच धावत आले होते आणि दाराच्या कडीवर, खुर्चीच्या पाठीवर, स्वतःच्या कपाळावर त्यांच्या बोटांचे ठसे उमटले होते. वहिनींच्या डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा होता. आणखी चार दिवस घरी पडून राहा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी वहिनी साडेनऊलाच हजर.

दोघांच्या मध्ये, बुटक्या कपाटाएवढा, तो सर्व्हर. बंद.

ही कार्यशाळा कृत्रिम पायांची. भाऊजी साचे घालणारे, आणि नात्याने वहिनींचे सख्खे धाकटे दीर. सत्तावीस वर्षांपूर्वी वहिनी इथे मापं लिहायच्या कामावर लागल्या तेव्हा त्यांना 'वहिनी' म्हणायचा हक्क एकट्या भाऊजींचा होता. पण हाक पसरायला कितीसा वेळ लागतो? महिन्याभरात शिवणवाल्या, सुतार, शिपाई, सगळ्यांच्या त्या वहिनी झाल्या. आता तर वयाने वीस वर्षांनी मोठे असलेले पेशंटही वहिनीच म्हणतात.

सर्व्हरच्या पोटात दोन डिस्क. एक वरच्या खणात, एक खालच्या. जे एकीवर लिहायचं तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जायचं, म्हणजे एक मेली तरी दुसरीकडे सगळं शाबूत. वहिनींनी पहिल्याच वर्षी त्यांची नावं ठेवली होती, थोरली आणि धाकटी. घरी नवरासुद्धा जेवताना विचारायचा, "काय म्हणतात तुझ्या दोघी?"

वहिनी दवाखान्यात असताना मंगळवारी वीज गेली. परत आली तेव्हा सर्व्हरने पडद्यावर लिहिलं की दोघींचं एकमेकींशी जुळत नाही, कुणाचं खरं धरू? भाऊजींनी फोन केला. पट्टी बांधलेल्या वहिनींनी अंथरुणातून सांगितलं, थोरलीवरून धाकटीवर उतरवून घ्या. भाऊजींनी उतरवून घेतलं. रात्रभरात काम पुरं झालं. आणि आज सकाळी पायाचा घाट कोरणाऱ्या यंत्राने गेल्या आठवड्याच्या मापाची फाईल मागितली, तर नाही. गेल्या महिन्याची मागितली, तीही नाही.  भाऊजींनी सरळ सर्व्हरचं बटण दाबून तो बंद केला आणि वहिनींना फोन लावला.

"बरं," वहिनी म्हणाल्या. आवाज एकदम उतरला. भांडणापेक्षा त्यांना आता दुसरंच काही कुरतडायला लागलं होतं. "भाऊजी, हात लावून दाखवा. थोरली कुठली?"

"हे काय पोरखेळ—"

"दाखवा तर."

भाऊजींनी वरच्या खणावर हात ठेवला. पांढरी पाच बोटं उमटली.

वहिनींनी खालच्या खणावर हात ठेवला.

दोघं तसेच उभे राहिले, एकाच कपाटावर हात ठेवून.

"वरची थोरली," भाऊजी हळूच म्हणाले. "पहिल्यापासून वरची थोरली."

"तीन वर्षांपूर्वी वरची मेली ना? नवी आणून घातली ना तिथे? मग नवी ती धाकटी. खालची उरली ती थोरली."

"असं कसं? समजा एखाद्या घरातली थोरली जाऊ गेली आणि थोरल्या भावाने दुसरं लग्न केलं, तर नवी येणारी थोरलीच ना? मग ती वीस वर्षांची का असेना! मान जागेचा असतो."

"मान! डिस्कला कसला मान? वय बघायचं!"

"तुम्ही वय बघितलंत, मी जागा बघितली. तीन वर्षं आपण दोघं एकच शब्द बोलतोय आणि दोन वेगळ्या बायकांबद्दल बोलतोय."

एवढ्या संकटात वहिनींना हसू फुटलं. मग ते जागीच विरलं. नवी डिस्क पहिल्यापासून नखरेल. याआधी दोनदा ती न सांगता जोडीतून बाहेर पडली होती आणि दोन्ही वेळा वहिनींनी तिला परत आणून बसवलं होतं. म्हणून तर त्या फोनवर म्हणाल्या, थोरलीवरून घ्या. आताही नवीच बाहेर पडली असणार, आणि जिथे ती बाहेर पडली तिथेच तिचं जग थांबलं असणार. भाऊजींनी नेमकं तेच थांबलेलं जग चालत्या डिस्कवर उतरवलं होतं. ताजं पुसलं गेलं, शिळं दोन्हीकडे झालं. टेपवर प्रत काढणारं यंत्र होतं पूर्वी, पण ते चार वर्षांपूर्वी बिघडलं आणि त्याची टेप आता कुठे मिळत नाही.

"कधी थांबली असेल?" वहिनी स्वतःशीच म्हणाल्या.

तेवढ्यात बाहेरच्या व्हरांड्यातून आवाज आला. "अहो आत कोण आहे? पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा नाही!"

भाऊजींनी डोळे मिटले. "कंडक्टर आलाय."

"आज?"

"आजचीच तारीख दिली होती. त्याचा डावा पाय."

कंडक्टर बावीस वर्षं बसमध्ये उभा राहून तिकिटं फाडत होता. साखरेने गेल्या वर्षी त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून नेला. नवा उजवा पाय घडवायचा म्हणून जानेवारीत त्याच्या चांगल्या डाव्या पायाचं माप घेतलं होतं. मापाचा यांत्रिक हात पोटरीवरून, नडगीवरून, घोट्यावरून फिरवायचा, की घाट फाईलमध्ये उतरतो. तोच आरशासारखा उलटा केला की उजवा तयार. पण काम सुरू व्हायच्या आत डावाही दुखायला लागला, आणि एप्रिलमध्ये तोही काढावा लागला. आता दोन्ही एकदम करायचे होते. बाकीच्यांचं माप पुन्हा घेता येतं. पाय काय, परत आले की मोजा. कंडक्टरचं काय मोजणार? त्याचा पाय आता जगात कुठे असेल तर त्या एका फाईलमध्ये.

"तक्त्यावरून करता येईल," भाऊजी म्हणाले. "उंची, वजन, वय बघून."

"त्याला विचारलं होतं मी मागे. म्हणाला, तक्त्यातला पाय कुणाचाच नसतो वहिनी, आणि मला तो आयुष्यभर घालायचाय."

वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवला, बटण दाबलं आणि सर्व्हरपुढे मांडी घालून बसल्या.

पंखे घरघरले. वहिनींनी लांब पेचकसाचं टोक खालच्या खणाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. हे त्यांना सर्व्हर बसवायला आलेल्या माणसाने शिकवलं होतं. तो तीन दिवस राहिला, एक जाडजूड पुस्तक ठेवून गेला, पुन्हा दिसला नाही. त्याच्यामागे साहेबांनी विचारलं होतं, हे कोण सांभाळणार? कुणी हात वर केला नाही. वहिनींनी केला, कारण त्यांना आत काय फिरतंय ते बघायचं होतं. एवढंच कारण. बाकी काही शिकलेल्या नव्हत्या. पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलं. एकदा केबलच्या शेवटी लावायची बोटभर टोपी राहून गेली आणि तीन दिवस सर्व्हरला कुठलीच डिस्क दिसेना. तेव्हापासून त्या कुठलंही झाकण हातात आलं की ते कशाचं, हे कळल्याशिवाय खाली ठेवत नाहीत. सर्व्हर बदलायची गोष्ट चारदा निघाली. पण घाट कोरणारं यंत्र याच्याशिवाय कुणाशी बोलत नाही, आणि ते यंत्र नवीन घ्यायचं म्हणजे सगळे दुसरीकडे बघायला लागतात.

"दोघी नीट फिरताहेत," त्या म्हणाल्या. "आवाज स्वच्छ आहे. पण वेळ लागेल. तुम्ही निरोप न घेता बटण दाबलंत ना, आता तो आतून एकेक पान तपासत बसेल. वीस-पंचवीस मिनिटं."

"मला वाटलं बंद केला तर निदान आणखी बिघडणार नाही."

"आग विझवायला माणसाने घराचं दार बाहेरून लावून घ्यावं, तसं केलंत."

"वहिनी, मी प्लास्टरवाला माणूस आहे. माझं बिघडलं की मी फोडतो आणि दुसरं घालतो."

बाहेरून कंडक्टर ओरडला, "काय हो, गाडी सुटणार का नाही? का डेपोत चहा चाललाय?"

"पंचवीस मिनिटं!" वहिनी ओरडल्या.

"कोण, वहिनी? तुम्ही आलात? मग चालेल, मग मी उद्यापर्यंत बसतो. माझे पाय आहेत ना हो आत?"

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी दाराकडे बघत म्हणाल्या, "बघते!"

खोटं नव्हतं. त्या खरंच बघणार होत्या.

"त्याचं माप नऊ जानेवारीला घेतलं," भाऊजी म्हणाले. "मीच धरला होता पाय. गुदगुल्या होतात म्हणून हलत होता सारखा."

"म्हणजे वरची बाई नऊ जानेवारीपर्यंत शुद्धीवर असली पाहिजे."

"आणि नसली तर?"

 वहिनी पडद्याकडे टक लावून बघत होत्या. काळ्या पडद्यावर करड्या अक्षरांच्या ओळी एकामागून एक खाली येत होत्या आणि वहिनी प्रत्येक ओळ ओठ हलवत वाचत होत्या, पहिलीतल्या मुलीसारख्या. नव्या डोळ्याने प्रत्येक अक्षराला कोपरे आले होते. इंग्रजी 'ओ'च्या मध्ये भोक होतं. टिंबं वेगळी दिसत होती.

"किती बारीक लिहितो हा," त्या म्हणाल्या. "आणि किती लिहितो!"

"रोजचंच आहे की."

"हो, पण..." त्या थांबल्या.

रोज सकाळी वहिनी इथे येऊन पडदा बघत आणि वहीत लिहीत, 'दोघी बऱ्या', खाली सही. सर्व्हर निवांत असला की पडद्यावर चौकोनांचा एक साप इकडेतिकडे फिरत राहायचा. काम वाढलं की त्याचं शेपूट लांब व्हायचं, कमी झालं की आखूड. तो साप मोठा होता. तो वहिनींना दिसायचा. साप आखूड, म्हणजे सर्व्हर मजेत. मग त्या कळ दाबून जोडीच्या स्थितीचा पडदा आणायच्या आणि तिथे त्या नेहमीच्या जागी ती नेहमीची ओळ असायची, करड्या डागासारखी.

हिवाळ्यापासून तो डाग थोडा लांबट वाटायचा.

 सगळं ठीक असलं की सर्व्हर तिथे एकच शब्द लिहितो. डिस्क बाहेर पडली की त्याच्या आधी आणखी एक छोटासा शब्द लावतो. नकार. म्हणजे तो रोज सांगत होता. रोज सकाळी, त्यांच्या नाकासमोर.

तपासणी संपली. साप नव्हता, फक्त उभी टिमटिमणारी रेघ. वहिनी शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे वळल्या, मापांचा फोल्डर उघडला आणि फाईली तारखेप्रमाणे लावल्या. सगळ्यात ताजी सगळ्यात वर.

भाऊजी वाकून बघायला लागले. त्यांच्या हनुवटीवरचं सुकलेलं प्लास्टर वहिनींच्या खांद्यावर भुरभुरलं.

"अकरा जानेवारी," वहिनी म्हणाल्या.

"अकरा. मग खाली... दहाला एक... नऊला..."

"गप्प बसा, मला वाचू द्या."

नऊ जानेवारीला तीन फाईली होत्या. वहिनींनी दुसरी उघडली. पडद्यावर आडव्या रेघांची एक पोटरी हळूहळू भरत आली. खालून घोटा, मग नडगी, मग ती बावीस वर्षं चालत्या बसमध्ये तोल सांभाळून घट्ट झालेली मागची गाठ. मध्ये एका ठिकाणी रेघा किंचित थरथरलेल्या.

"गुदगुल्या," भाऊजी म्हणाले, आणि खुर्चीत बसले. "दोन दिवसांच्या फरकाने वाचला, वहिनी. दोन दिवस! बारा तारखेला आला असता तर..."

वहिनींनी फाईलच्या दोन प्रती काढल्या, एक आपल्या कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर. मग आरशातली काढली. मग कोरणाऱ्या यंत्राला हुकूम दिला. भिंतीपलीकडे यंत्र जागं झालं आणि फोमच्या ठोकळ्यावर त्याचं पातं कर्रकर्र फिरायला लागलं. व्हरांड्यातून आरोळी आली, "सुटली रे सुटली!"

"बाकीच्यांना बोलवावं लागेल," वहिनी म्हणाल्या. "जानेवारीनंतरचे सगळे. चाळीसेक असतील. पत्ते ऑफिसच्या रजिस्टरमध्ये आहेत. पुन्हा मापं घ्यायची. आणि खणांवर आकडे चिकटवा आज. थोरली-धाकटी बंद."

 टेबलावरची वही भाऊजींनी ओढली होती आणि ते पानं उलटत होते, बोटांचे पांढरे ठसे प्रत्येक पानावर सोडत.

"बारा जानेवारी, दोघी बऱ्या," त्यांनी वाचलं. "तेरा, दोघी बऱ्या. फेब्रुवारी... दोघी बऱ्या. मार्च, एप्रिल, मे. वहिनी, चूक माझीही आहे, मी नाही म्हणत नाही. वरची घेतली ती मी घेतली. पण ही बाई जानेवारीपासून बाहेर पडली होती."

वहिनी पडद्यावरची पोटरी बघत होत्या.

"तुमच्या नजरेतून असं सुटत नाही. मागच्या दोन्ही वेळा तुम्ही तासाभरात पकडली होती तिला." भाऊजींचा आवाज आता भांडणातला नव्हता, घरात, स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून बोलावं तसा होता. "आम्हाला तुम्ही सांगितलंत की मागच्या महिन्यात थोडं अंधुक वाटायला लागलं म्हणून डॉक्टरांना दाखवलं. दादांनाही तेच सांगितलंत. वहिनी, खरं सांगा. कधीपासून दिसत नव्हतं तुम्हाला?"

वहिनींनी छापलेल्या मापाचा कागद प्रिंटरमधून ओढला, घडी न घालता हातात धरला, आणि भाऊजींच्या गुडघ्यांना वळसा घालून, दार ढकलून व्हरांड्यात निघून गेल्या.