पाण्यावरचं डिझेल

आमच्या मेलकावेरी गावात शेजाऱ्यांनी आज डिझेलचा पंप लावला. हल्ली उठायचाही कंटाळा येतो, तरी उठून खिडकी लावली. तो वास आला की नागपट्टणमचा समुद्र आठवतो.

तेव्हा मी तटरक्षक दलात होतो. बोट उलटली होती, पाण्यावर डिझेलचा तवंग होता. हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरून मी तीन मच्छीमारांना एकेक करून वर पाठवलं. चौथा म्हातारा होता. त्याच्या पाळीला हेलिकॉप्टर तेल भरायला माघारी गेलं आणि आम्ही दोघंच उरलो. माझे हात बधिर झाले, डोळे मिटायला लागले. धाकट्या भावाला हाक मारावी तसा तो तमिळमध्ये म्हणत राहिला, “तंबी, झोपू नको.”

हेलिकॉप्टर परतलं तेव्हा माझ्या जॅकेटचा पट्टा त्यानं मुठीत आवळून धरला होता.

त्या सुटकेसाठी मिळालेल्या पदकावर माझं नाव आहे. त्याचं मी विचारलंच नव्हतं.